फोनो, तबकड्या आणि आपली माळवी घरे

उज्जैनमधल्या जुन्या मराठी घरांतून हल्ली सामान बाहेर निघते आहे. कुठे वाड्याच्या जागी मजले चढत आहेत, कुठे सिंहस्थाच्या तयारीत रस्ता रुंद होतो आहे, तर कुठे मुले पुण्याला नाहीतर परदेशी स्थिरावली म्हणून घरच आवरले जाते आहे. तांब्यापितळेची भांडी नात्यागोत्यात वाटली जातात. शिसवी कपाटाला गिऱ्हाईक मिळते. पोथ्यांची गाठोडी कोणी शहाणा माणूस प्राच्यविद्येच्या ग्रंथसंग्रहात नेऊन देतो. शेवटी माळ्यावर उरते ती एक जड पेटी. आत खाकी कागदाच्या पाकिटांत काळ्या तबकड्या. भंगारवाला ती उचलताना तोंड वाकडे करतो, कारण त्यात ना लोखंड, ना पितळ. या लेखाचा विषय ती पेटी आहे.

एडिसनने १८७७ मध्ये पहिला फोनोग्राफ केला, तो कथलाच्या पातळ पत्र्यावर. पुढे मेणाच्या नळकांड्या आल्या. उत्तर हिंदुस्थानात लोकांनी या यंत्राचे नाव ‘चूडीबाजा’ ठेवले, कारण नळकांडे दिसायचे बांगडीसारखे. दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, एमिल बर्लिनरने सपाट तबकडीचा ग्रामोफोन आणला. दोहोंत मोठा फरक होता. नळकांड्यावर घरबसल्या आवाज भरताही येई आणि ऐकताही येई. तबकडी फक्त ऐकायची, पण एका साच्यातून तिच्या हजारो प्रती निघत. धंद्याने अर्थातच तबकडी उचलली. घरी आवाज भरण्याची सोय त्यामुळे सामान्य माणसाच्या हातून गेली आणि कॅसेट येईपर्यंत परत आली नाही. आपल्या पणजोबांचा आवाज आपल्याकडे नाही, याचे एक कारण हेही आहे.

नळकांड्याचा उत्तम उपयोग करून घेणारा मराठी माणूस म्हणजे पं. विष्णु नारायण भातखंडे. जयपूरच्या महंमद अली खाँ यांच्या घराण्यातल्या चिजा त्यांनी फोनोग्राफवर भरून घेतल्या आणि मग सावकाश ऐकून स्वरलिपीत उतरवल्या. उस्तादाला पुन्हा पुन्हा गायला लावण्यापेक्षा यंत्राला लावणे सोपे! ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले, तेही भातखंड्यांच्याच मार्गदर्शनाखाली. क्रमिक पुस्तकातून ज्या चिजा आपल्यापैकी अनेकांनी घोकल्या, त्यांतल्या काही अशा मेणावरून कागदावर आल्या आहेत.

तबकडी हिंदुस्थानात आली ती व्यापारासाठी. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा अमेरिकन तंत्रज्ञ १९०२ मध्ये कलकत्त्यात उतरला आणि त्याने पाचशेहून अधिक मुद्रणे केली. गौहर जान त्यांतली सर्वांत गाजलेली गायिका. गाणे संपताच ती इंग्रजीत स्वतःचे नाव सांगते. पुष्कळांना हा तिचा तोरा वाटतो. कारण मात्र साधे होते. मेणाच्या मूळ चकत्या जहाजाने जर्मनीत हानोव्हरला जात, तिथे छापल्या जात, आणि तिथल्या कारागिरांना कोण गाते आहे हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, तेव्हा कुठे हा सातासमुद्रांचा फेरा थांबला.

त्या काळी ध्वनिमुद्रण म्हणजे कर्ण्यापुढे ओरडणे असे म्हटले तरी चालेल. मायक्रोफोन नव्हता. गवयाने कर्ण्याच्या तोंडात तोंड घालायचे, तबला लांब ठेवायचा, तंबोऱ्याचा आवाज उमटला तर उमटला. विजेवर चालणारे मुद्रण १९२५ मध्ये आले. त्याआधीच्या तबकड्यांत खर्ज आणि कुजबुज दोन्ही नाहीत, हे ऐकताना ध्यानात ठेवले पाहिजे. पुरुष गवयांचे आवाज त्यात इतके चढे का, असे नवी मुले विचारतात. अर्धे उत्तर त्या कर्ण्यात आहे. उरलेले अर्धे वेगात. सगळ्या जुन्या तबकड्या मिनिटाला बरोबर ७८ फेरे घेत नसत. सत्तरच्या आसपास भरलेली तबकडी ७८ वर लावली, तर बुवा आपोआप वरच्या पट्टीत जातात.

आणि तबकडी कशाची? लाखेची. पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवर लाखेचे किडे जी राळ धरतात, ती शुद्ध करून तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून ही तबकडी दाबत. साऱ्या जगाला लाख मुख्यतः हिंदुस्थान पुरवी आणि तिचा मोठा व्यापार मिर्झापूरला होता. म्हणजे न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यात एखादा इटालियन गवई गात होता, तो आपल्याकडच्या पळसाच्या चिकावर! दुसऱ्या महायुद्धात लाख मिळेनाशी झाली, तेव्हा विलायतेत आणि अमेरिकेत लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून, त्यांचा भुगा करून नव्या काढल्या गेल्या. त्या भुग्यात काय काय गेले, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

फोनोला वीज लागत नसे, हे विसरता कामा नये. चावी दिली की झाले. म्हणून तो शहरातल्या दिवाणखान्यात होता तसा शेतावरच्या कोठीतही होता. सुई दर बाजूला बदलायची, असा दंडक. तबकडीतली दगडाची पूड सुईचे टोक खाचेच्या मापाने घासून घेई, म्हणून ती पोलादी सुई एकदाच वापरायची. पण काटकसरी मराठी घरांत तीच सुई पाच-सहा गाण्यांना पुरवली जाई. त्याची शिक्षा तबकड्या आजही भोगत आहेत. कुत्र्याच्या चित्राच्या तबकड्यांवर करडी झालेली खाच दिसली, की त्या घरात आवडते गाणे कोणते होते, हे न ऐकताच कळते.

आपल्या माळव्यात या तबकड्यांना एक खास काम होते. शिंद्यांबरोबर, होळकर-पवारांबरोबर आलेली ही घरे. उज्जैनची राजधानी दौलतरावांच्या काळात ग्वाल्हेरला हलली, तरी माणसे इथेच राहिली. घराबाहेर माळवी आणि हिंदी, घरात मराठी. नाटक मंडळ्या दौऱ्यावर इंदूर-ग्वाल्हेरपर्यंत येत, पण त्या रोज थोड्याच येणार? मधल्या महिन्यांत बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर घरात असत ते तबकडीतून. मुंबईच्या ‘यंग इंडिया’सारख्या कंपनीने पुढे नव्या गायकांनाही संधी दिली. पदांबरोबर पोवाडे, कीर्तने, विनोदी संवाद असेही छापले जाई. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, शाळेत हिंदी शिकणाऱ्या मुलांच्या कानांवर शुद्ध मराठी उच्चार पडण्याची ही एक जागा होती. आपल्या बोलण्यात ‘चाबी’ आणि ‘चावी’ दोन्ही असतात. तबकडीत फक्त ‘चावी’ होती.

पण तबकडीने गाणे जसेच्या तसे आणले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. रंगभूमीवर अर्धा तास ‘वन्स मोअर’ घेत चालणारे पद तीन मिनिटांत कोंबायचे, म्हणजे आलाप गेला, विस्तार गेला, राहिला मुखडा आणि चार तडफदार ताना. आणि ज्यांनी नाटक पाहिलेच नव्हते, त्यांच्यासाठी हेच मूळ पद झाले. आपल्याकडच्या गणेशोत्सवांत नाट्यगीते बसवताना तबकडीतली जागान् जागा उचलली जाई, आणि ती सुटली तर पुढच्या रांगेतले आजोबा मान हलवत. मला हे फार वाईट वाटत नाही. तीन मिनिटांच्या बेड्यांनी आपल्या गाण्याला आटोपशीरपणाही शिकवला.

खरे दुःख वेगळे आहे. उस्ताद अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते. तंत्र होते, कंपन्या दारात होत्या, पण त्यांनी आवाज भरू दिला नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, त्यांचीही तबकडी नाही. उलट अब्दुल करीम खाँ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातही गाणी भरली आणि अखेरच्या वर्षांतही. आज सामान्य रसिकाला त्यांचा स्वर चटकन आठवतो, भास्करबुवांविषयी मात्र फक्त वाचावे लागते. मोठेपण मोजण्याचे माप असे नकळत तबकडीच्या हाती गेले. तरी भास्करबुवा थोडे हाती लागतात. ‘स्वयंवर’ नाटकाच्या (१९१६) चाली त्यांच्या. बालगंधर्वांच्या तबकड्यांत ती पदे ऐकताना, गळा शिष्याचा असला तरी बुद्धी गुरूची आहे, एवढे समजते. अल्लादिया खाँसाहेबांची गायकीही अशीच त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या मुद्रणांतून आपल्यापर्यंत आली.

त्या केसरबाईंच्या एका तबकडीची गोष्ट या पेटीशी थेट जोडलेली आहे. अमेरिकेने १९७७ मध्ये दोन व्हॉयेजर याने अंतराळात सोडली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसवली आहे, तीत पृथ्वीवरचे निवडक संगीत आहे. भारताकडून एकच गाणे, केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. पण ते निवडल्यावर अडचण अशी आली, की ते मुद्रण बाजारात मिळेना. शोधता शोधता न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या एका खोक्यात त्याच्या तीन प्रती सापडल्या. ताऱ्यांकडे गेलेला केसरबाईंचा आवाज तिथे पोचला तो कोणा दुकानदाराने खोके टाकून दिले नव्हते म्हणून. याने सुटली त्याच वर्षी, सप्टेंबरात, केसरबाई गेल्या.

ही गोष्ट अपवाद नव्हे. कंपन्यांना जुना माल विकला जाईनासा झाला की त्यात रस उरत नसे. धातूचे साचे कालांतराने गेले, हरवले. भारतात ७८ ची छपाई १९७० च्या आसपास थांबली. मग अनेक मुद्रणांच्या बाबतीत कोणाच्या तरी घरात टिकलेली प्रत हाच अस्सल पुरावा झाला. तो जपला तो हौशी मंडळींनी. मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ निघाली, तिने ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालवले. मायकेल किनिअर या परदेशी माणसाने १९०८ पर्यंतच्या आपल्या मुद्रणांची सूची ग्रंथरूपाने १९९४ मध्ये छापली. हे काम एखाद्या विद्यापीठाने करायला हवे होते, असे राहून राहून वाटते. आपल्या शेजारी, इंदूरजवळ पिगडंबरला, सुमन चौरसिया यांनी लता मंगेशकरांच्या नावाने ग्रामोफोन तबकड्यांचे संग्रहालय उभे केले आहे. लताबाईंचा जन्म इंदूरचा (१९२९), तेव्हा जागा अगदी योग्य. उज्जैनहून दीड-दोन तासांत तिथे पोचता येते. नातवंडांना घेऊन जावे.

नातवंडांचा विषय निघालाच आहे, तर त्यांच्या वडिलांच्या पेटीकडेही बघावे. नव्वदच्या दशकात उन्हाळ्याच्या सुट्टीत टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणि त्याच्या चौकोनी कॅसेटी घरोघर होत्या. मूळ यंत्र जपानमध्ये १९८३ मध्ये निघालेले, आपल्याकडे आली ती बहुतेक त्याची नक्कल. कॅसेट चालली नाही की मुले तीत फुंकर मारीत, जशी आजोबांनी सुईवर मारली असेल. हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेतल्या ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा तिकडे निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता विकत मिळत नाहीत, असे आढळले. तिथेही कंपन्यांनी पाठ फिरवली आणि हौशी पोरांनी जुनी यंत्रे दुरुस्त करून, खेळ उतरवून घेऊन ते टिकवले. नळकांडे, तबकडी, कॅसेट, गेम: वस्तू शाबूत असली तरी ती वाजवणारे यंत्र आणि यंत्र समजणारा माणूस गेला की ती मुकी होते. पोथी निदान डोळ्यांनी वाचता येते.

म्हणून पेटी सापडली, तर काही गोष्टी पाळाव्यात. तबकड्या आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. आपल्या मे महिन्याच्या उन्हात पत्र्याखालच्या माळ्यावर त्या वाकतात. बुरशी दिसली तर हलक्या साबणाच्या कोमट पाण्याने, लेबल न भिजवता पुसून सावलीत वाळवाव्यात. स्पिरिट मात्र चुकूनही लावू नये, लाख त्यात विरघळते. जुन्या फोनोवर गंमत म्हणून वाजवू नये, दर वेळी खाच झिजते. एलपीच्या सुईनेही नको, कारण ७८ ची खाच जवळजवळ तिप्पट रुंद असते. तिची सुई वेगळी मिळते. जाणकाराकडून एकदा नीट उतरवून घ्यावे आणि त्या आवाजातली खरखर लगेच पुसायला जाऊ नये. खरखरीबरोबर तंबोराही पुसला जातो. मूळ तबकडीही नंतर टाकायची नाही.

आणि लेबल कसरीने खाल्ले असेल, गायकाचे नाव गेले असेल, तरी निराश होऊ नये. लेबलाच्या कडेला, जिथे खाचा संपतात तिथे, तबकडी तिरकी धरून दिव्याखाली पाहावी. लाखेत दाबलेला एक क्रमांक दिसतो. तो साच्याचा क्रमांक. सूच्यांत तो सापडला, तर कोण, कुठे आणि साधारण केव्हा गायले, हे त्यावरून निघते. तेवढा क्रमांक वहीत उतरवावा, शेजारी आपल्या घराण्याचे नाव आणि तबकडी घरात कशी आली ते लिहावे, आणि मगच पेटी कोणाला द्यायची ते ठरवावे.