दप्तराचा रुमाल आणि संगणक

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गड आणि लढाया उभ्या राहतात. परंतु तो ज्या कागदांच्या आधारे लिहिला जातो, ते कागद जपणाऱ्यांची आठवण क्वचितच कोणाला होते. वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत त्यांच्याच कामाविषयी मी चार शब्द लिहीत आहे. कारण संगणक आल्यापासून ते काम पार पालटले आहे.

मुंबई सरकारचे दप्तरखाते १८२१ साली सुरू झाले. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत प्रसिद्ध केले. रुमाल सोडायचा, एकेक कागद वाचायचा, नक्कल करायची आणि रुमाल पुन्हा बांधायचा, ही त्या काळची रीत. कोणता कागद कोठे आहे, हे जुन्या कारकुनास तोंडपाठ असे. तो निवृत्त झाला की ती माहितीही त्याच्याबरोबर जाई.

आपल्या भागाची अडचण आणखी निराळी. कर्जत १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते आणि खालापूर हा कर्जतचाच पेटा होता. पुढे आपण कुलाबा जिल्ह्यात आलो आणि १९८१ साली त्याचे नाव रायगड झाले. म्हणजे एका गावाचा माग काढायचा तर ठाणे, अलिबाग, पुणे, मुंबई अशी पायपीट! घरसंसार सांभाळून कोणत्या बाईला ते जमावे?

राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१५ साली ‘अभिलेख पटल’ सुरू करून जुने कागद घरबसल्या पाहण्याची सोय केली. महसूल खात्यानेही अनेक जिल्ह्यांतील जुने सातबारे व फेरफार संगणकावर आणले. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला; पण तो मागताना आजोबा-पणजोबांच्या नोंदी लागतात. दूर दिलेल्या लेकीला त्या सासरी बसून पाहता याव्यात, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

मात्र यंत्र आले म्हणून माणसाचे काम संपले, असे नव्हे. कागदाच्या चित्राला गावाचे वा सालाचे नाव चुकीचे दिले, तर ते लाखोंच्या ढिगात हरवलेच म्हणायचे. २०२३ साली राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची जागोजागी गरज भासली. यंत्राला मोडी शिकवण्याचे प्रयत्न चालू आहेत. पण शिकवायलाही जाणकारच हवा.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयास आग लागून असंख्य फाइली जळाल्या. दुसरी प्रत असण्याचे मोल तेव्हा सर्वांना कळले. तरी संगणकातील प्रतही अमर नाही. तबकड्या बिघडतात, यंत्रे जुनी होतात. म्हणून दर काही वर्षांनी ती नव्या साधनावर उतरवावी लागते. मूळ कागद टाकून देणे तर कधीच योग्य नाही.

भगिनींनो, आपल्या घरच्या ट्रंकेतही जुने दस्त, पत्रे, छायाचित्रे असतील. आपल्याकडच्या पावसात ओल आणि वाळवी त्यांना खाते. ती कोरड्या जागी, स्वच्छ सुती कापडात ठेवावीत. चिकटपट्टी लावू नये. नातवंडांकडून मोबाइलवर त्यांची चित्रे काढून घ्यावीत आणि दोन ठिकाणी जपावीत. छायाचित्रामागे पेन्सिलीने नावे व साल लिहावे, बायकांची नावेही! “पाटलांची सून” एवढ्यावर भागवू नये. आपल्या मंडळाने मोडीचा एक वर्ग सुरू करावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.