ओठांवरील हर्पिस
ओठांवरील हर्पिस (शास्त्रीय नाव : हर्पिस लेबियालिस) हा ओठांच्या कडेवर व आसपासच्या त्वचेवर पाण्याने भरलेल्या बारीक पुटकुळ्यांचा पुंजका उठणारा विषाणुजन्य आजार आहे. तो प्रामुख्याने हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू प्रकार १ (एचएसव्ही-१) यामुळे होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालील सुमारे ६४ टक्के लोकांना या विषाणूचा संसर्ग झालेला असतो. मात्र त्यांपैकी अनेकांना कधीच लक्षणे जाणवत नाहीत.

नाव व गैरसमज
‘हर्पिस’ हा शब्द ‘सरपटणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आला आहे, तर ‘लेबियालिस’ म्हणजे ओठांशी संबंधित. मराठीत ‘नागीण’ म्हणून ओळखला जाणारा आजार (हर्पिस झोस्टर) वेगळा असून तो कांजिण्यांच्या विषाणूमुळे होतो. ‘तोंड येणे’ हाही निराळा विकार आहे. त्यातील व्रण तोंडाच्या आत होतात व ते संसर्गजन्य नसतात.

कारणे व लक्षणे
पहिला संसर्ग बहुधा बालपणी, लाळेतून किंवा थेट स्पर्शातून होतो. त्यानंतर विषाणू चेहऱ्याच्या संवेदी चेतातंतूंमार्गे त्रिधारी चेतागंडिकेत जाऊन सुप्तावस्थेत राहतो. ताप, सर्दी, प्रखर ऊन, मानसिक ताण, मासिक पाळी किंवा प्रतिकारशक्तीतील घट यांमुळे तो पुन्हा सक्रिय होतो. पुटकुळ्या सहसा पूर्वीच्याच जागी किंवा तिच्याजवळ उठतात.

आरंभी त्या जागी खाज, चुरचुर किंवा मुंग्या आल्यासारखे वाटते. त्यानंतर एक-दोन दिवसांत पुटकुळ्या येतात, फुटतात व त्यांवर खपली धरते. निरोगी व्यक्तीत हा आजार सुमारे ७ ते १० दिवसांत व्रण न ठेवता बरा होतो.

उपचार
विषाणूला शरीरातून कायमचे घालवणारे औषध किंवा त्यास प्रतिबंध करणारी लस सध्या उपलब्ध नाही. उपलब्ध औषधे विषाणूची वाढ रोखतात; त्यामुळे ती पुटकुळ्या उठण्यापूर्वी, चुरचुर जाणवताच सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी ठरतात. खपली धरल्यानंतर त्यांचा लाभ अल्प असतो.

असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर व फॅमसायक्लोव्हिर ही पोटात घेण्याची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने दिली जातात. असायक्लोव्हिरचे ५ टक्के मलम दिवसातून ५ वेळा लावतात. मात्र मलमामुळे आजाराचा कालावधी साधारणतः थोडाच कमी होतो. ज्यांना वारंवार त्रास होतो, त्यांना डॉक्टर काही महिने रोज घेण्याचे प्रतिबंधक औषध देऊ शकतात. प्रतिजैविके विषाणूवर परिणाम करत नाहीत; जखमेत जिवाणूंचा संसर्ग झाल्यासच ती लागतात. स्टेरॉइड असलेली मलमे स्वतःच्या मनाने लावल्यास संसर्ग बळावू शकतो.

वेदना कमी करण्यासाठी थंड पाण्याची घडी व पॅरासिटामॉल उपयोगी पडते. पेट्रोलियम जेलीने खपली मऊ राहते व तडकत नाही. आंबट, तिखट व खारट पदार्थांनी आग वाढते.

प्रतिबंध
पुटकुळ्या फुटून पाणी वाहत असताना संसर्गाचा धोका सर्वाधिक असतो. तथापि लक्षणे नसतानाही लाळेतून विषाणू पसरू शकतो. या काळात चुंबन व मुखमैथुन टाळावे, तसेच टॉवेल, पेले, लिपस्टिक व वस्तरा स्वतंत्र ठेवावा. खपली खुडू नये. मलम लावण्यापूर्वी व नंतर हात साबणाने धुवावेत. तोच हात डोळ्यांना लावणे अपायकारक ठरू शकते. उन्हामुळे त्रास उद्भवत असल्यास ओठांना सूर्यरोधक मलम लावावे.

गुंतागुंत
नवजात बालकांत हा संसर्ग यकृत, मेंदू इत्यादी अवयवांत पसरून प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे ओठांवर पुटकुळ्या असलेल्या व्यक्तीने, बारशासारख्या कौटुंबिक प्रसंगीही, बाळाचा पापा घेऊ नये. मातेस पुटकुळ्या असल्यास, स्तनावर फोड नसतील तर, ती स्तनपान देऊ शकते. मात्र हात स्वच्छ धुवावेत व तोंड झाकावे.

डोळ्यात वेदना, लाली किंवा अंधुक दिसणे ही स्वच्छमंडलाच्या संसर्गाची लक्षणे असू शकतात व वेळीच उपचार न झाल्यास दृष्टी जाण्याचा धोका असतो. इसब असलेल्यांत पुरळ झपाट्याने पसरू शकते. अशा वेळी, तसेच कर्करोगावरील उपचार, अवयव प्रत्यारोपण किंवा एचआयव्ही यांमुळे प्रतिकारशक्ती क्षीण असल्यास, अथवा १० दिवसांनंतरही जखम भरत नसल्यास तत्काळ वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते.