जिभेखालून, शिरेतून, मनगटातून

ज्या घरात हृदयाचा रुग्ण आहे, त्या घरात सॉर्बिट्रेटची पट्टी असतेच. पाकिटात, पर्सच्या आतल्या कप्प्यात, नाहीतर उशाशी. छातीत कळ आली की जिभेखाली धरायची, गिळायची नाही, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. या 'गिळायची नाही'चा माग काढत गेलं तर आपण १८४७ सालच्या तुरिनला पोचतो. आस्कानियो सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञाने तिथे नायट्रोग्लिसरीन तयार केलं, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कणभर चाखून पाहिलं आणि त्याचं डोकं भयंकर ठणकू लागलं. चाखलेला कण इतक्या झटपट रक्तात उतरतो, ही गोष्ट वैद्यांच्या कामी आली ती पुढे. १८६७ मध्ये एडिंबरात लॉडर ब्रंटनने अमाइल नायट्राइट रुमालावर घेऊन रुग्णांना हुंगायला दिलं आणि छातीतली कळ थांबवली. १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेलने त्याच कळेवर नायट्रोग्लिसरीन वापरल्याचं 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. याच द्रव्यापासून डायनामाइट बनवणाऱ्या आल्फ्रेड नोबेलला अखेरच्या वर्षी, १८९६ मध्ये, डॉक्टरांनी तेच औषध म्हणून सांगितलं होतं.

गोळी गिळली की औषध आतड्यातून आधी यकृतात जातं, आणि या जातीच्या औषधाचा बराच भाग यकृत तिथल्या तिथे निकामी करतं. जिभेखालच्या पातळ त्वचेतून शोषलेलं औषध मात्र यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जातं. सॉर्बिट्रेट हे त्याच कुळातलं.

पण वाट जवळची आहे म्हणून ते औषध हार्ट अटॅकवर पुरेसं आहे, हा समज जिवावर बेतणारा आहे. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते. हार्ट अटॅकमध्ये धमनीत रक्ताची गुठळी बसलेली असते, तिला ही गोळी हात लावत नाही. शिवाय रक्तदाब आधीच खाली असेल, हृदयाच्या उजव्या बाजूला मार बसला असेल किंवा माणसाने सिल्डेनाफिल घेतलेलं असेल, तर दाब कोसळतो. एक गोळी, मग दुसरी, मग 'थोडं थांबून बघू' असं करत घालवलेला तास परत मिळत नाही.

अॅस्पिरिनची वाट उलट: ती चावायची. १९९९ मध्ये अमेरिकेत फेल्डमन आणि क्रायर यांनी ३२५ मिलिग्रॅमची गोळी निरोगी माणसांना कधी चावायला, कधी पाण्यात विरघळवून, तर कधी अख्खी गिळायला दिली. रक्तातल्या बिंबिका एकमेकींना चिकटवणारं द्रव्य निम्म्यावर यायला चावल्यावर ५ मिनिटं लागली, गिळल्यावर १२. आपल्याकडे रोज घ्यायच्या अॅस्पिरिनवर बहुधा आतड्यात जाऊन विरघळणारा लेप असतो, त्यामुळे अटॅकच्या वेळी ती अख्खी गिळण्यात अर्थ नाही. अॅस्पिरिनची अॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल, तर १०८ ला फोन लावल्यावर, डॉक्टर फोनवर सांगतील त्याप्रमाणे, ती चावून खायची. अटॅकमध्ये पोटाकडचा रक्तपुरवठा मंदावतो आणि वेदनेसाठी दिलेलं मॉर्फिन जठराला आणखी सुस्तावतं. म्हणूनच तोंडाने दिलेली, रक्त पातळ करणारी नवी औषधंही अशा वेळी उशिरा पोचतात.

आणि स्नायूत टोचलेली सुई? बाग सेवनिया काय, भोपाळची कुठलीही दाट वस्ती काय, रात्री छाती दुखली की 'गॅस असेल' म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात जायचं आणि कमरेत वेदनाशामक टोचून घ्यायचं, ही चाल मला खरोखर अस्वस्थ करते. दाब उतरलेल्या माणसाच्या स्नायूतून औषध नीट शोषलं जात नाही. त्याहून वाईट म्हणजे, नंतर मोठ्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायची वेळ आली की त्या टोचलेल्या जागी आत रक्त साकळू शकतं. अटॅकची शंका असेल तर कमरेत सुई नको.

आता शिरेची वाट. १८३२ च्या पटकीच्या साथीत स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरात टॉमस लाटाने मरणपंथाला लागलेल्यांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं, ते आपल्या सलाईनचं मूळ. गुठळी विरघळवणारं औषध सापडलं मात्र एका जंतूत. १९३३ मध्ये अमेरिकेत विल्यम टिलेटने पाहिलं की स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू रक्ताची गुठळी वितळवतो. तेच स्ट्रेप्टोकायनेज. १९५८ मध्ये सॉल शेरीने ते हार्ट अटॅकच्या रुग्णांना शिरेतून देऊन पाहिलं. पण पुढची वीस वर्षं गाडं अडलं, कारण गुठळी हे अटॅकचं कारण की परिणाम यावरच तज्ज्ञांत एकमत नव्हतं. १९८० मध्ये डीवूडने अटॅकच्या पहिल्या चार तासांतच अँजिओग्राफी केली आणि शंभरातल्या ८७ रुग्णांची धमनी पूर्ण बंद आढळली. वाद मिटला.

तोवर काहींनी औषध थेट गुठळीच्या तोंडाशी न्यायला सुरुवात केली होती. त्याची पायवाट वर्नर फोर्समनने १९२९ मध्येच पाडली होती: स्वतःच्या दंडातल्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवायची आणि तशीच घेऊन एक्स-रेच्या खोलीपर्यंत चालत जायचं, एवढं धाडस त्याने केलं. १९७६ मध्ये मॉस्कोत चाझोव्हने आणि १९७९ मध्ये ग्योटिंगेनमध्ये रेंट्रॉपने नळी हृदयाच्या धमनीत नेऊन गुठळी विरघळवणारं औषध तिथेच सोडलं. थोडं औषध, नेमकं ठिकाण, डोळ्यांसमोर उघडणारी धमनी. शरीरशास्त्राच्या हिशोबाने याहून जवळची वाट नाही.

घड्याळाचा हिशोब मात्र वेगळा निघाला. त्या वाटेला कॅथलॅब हवी, नळी घालणारा डॉक्टर हवा, मध्यरात्री टीम जमायला हवी. तेवढ्या वेळात हृदयाचा स्नायू मरत राहतो. म्हणून औषध पुन्हा दंडावरच्या शिरेत आलं, या वेळी मोठ्या मात्रेत: १५ लाख युनिट, तासाभरात. १९८६ मध्ये इटलीतल्या १७६ हृदयरोग विभागांतल्या ११,८०६ रुग्णांवर हे तपासलं गेलं. २१ दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांवरून १०.७ वर आलं, आणि पहिल्या तासात औषध मिळालेल्यांचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. दोन वर्षांनी १७,१८७ रुग्णांच्या आणखी मोठ्या चाचणीत शिरेतलं स्ट्रेप्टोकायनेज आणि तोंडाने दिलेलं अॅस्पिरिन एकत्र दिल्यावर पाच आठवड्यांतले मृत्यू १३.२ वरून ८ टक्क्यांवर आले. हृदयापासून दूरच्या दोन वाटांचं हे यश मला या सगळ्या इतिहासातलं सर्वात मोठं वाटतं. ते कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी नेता येण्यासारखं होतं.

छातीत आरपार सुई घालून हृदयात अॅड्रेनालिन सोडायची वाट जुन्या सिनेमांत राहिली. त्यासाठी छाती दाबणं थांबवावं लागे आणि सुईने फुप्फुस किंवा धमनी फाटण्याची भीती असे. हृदय बंद पडलेल्या माणसाची शीर सापडली नाही, तर आज हाडाच्या मगजात औषध देतात. २०२४ मध्ये ब्रिटन आणि डेन्मार्कमधल्या चाचण्यांत हाड आणि शीर यांत जगण्याच्या दृष्टीने ठळक फरक दिसला नाही.

नळीची वाटही संपली नाही, तिचं काम बदललं. १९७७ मध्ये झुरिकला ग्रुंट्झिगने तिच्या टोकाला फुगा लावून अँजिओप्लास्टी केली. १९८९ मध्ये मॉन्ट्रियलच्या कांपोने नळी जांघेऐवजी मनगटातून घातली, त्यामुळे पुढे रक्तस्राव बराच कमी झाला. बाग सेवनियाच्या माणसाला ही सोय शेजारी, साकेत नगरच्या एम्समध्ये आहे. त्याने वेळ न दवडता तिथे पोचावं हे बरं.

बेगमगंजचं काय? रायसेन जिल्ह्यातला तो तालुका, भोपाळहून शंभराहून अधिक किलोमीटर. निदानापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यावं, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आता त्यासाठी तासभर सलाईन लागत नाही. टेनेक्टेप्लेज हे वजनाप्रमाणे मोजून काही सेकंदांत शिरेत देता येतं, आणि पुण्याची जिनोव्हा कंपनी ते बनवते. मेंदूत पूर्वी रक्तस्राव झालेला असेल तर देता येत नाही. पंच्याहत्तरीपुढे मात्रा निम्मी करतात. ते दिल्यावर रुग्ण मोठ्या रुग्णालयाकडे निघतो आणि गुठळी सुटली असेल तर चोवीस तासांच्या आत मनगटातून तपासणी होते. गोव्याने २०१८ मध्ये हीच साखळी बांधली: बाहेरच्या आरोग्य केंद्रांत ईसीजी आणि इंजेक्शन, मध्यभागी गोवा मेडिकल कॉलेज. भोपाळभोवतीच्या तालुक्यांतही रात्री दोन वाजता ईसीजी काढणारा माणूस आणि कपाटात ते इंजेक्शन असायला हवं, आणि कपाटाची किल्ली ड्यूटीवरच्या डॉक्टरकडे.