सरोवरांतली लोखंडी किल्ली



स्कॉटलंडांतील जुन्या वस्तूंच्या संग्रहांत गंजानें काळवंडलेल्या कांहीं लोखंडी किल्ल्या आहेत. त्या एकाहून अधिक ठिकाणच्या आहेत. परंतु प्रत्येकीविषयींचें सांगणें एकच. मेरी राणी लॉखलेव्हनच्या बंदिवासांतून पळाली, त्या रात्रीं सरोवरांत फेकलेली किल्ली ती हीच! आतां सुटका एकदांच झाली, मग किल्ल्यांचे इतके दावेदार कोठून आले, याचा आज थोडा विचार करूं.

लॉखलेव्हन हें किनरॉस गांवालगतचें सरोवर. त्यांतील एका बेटावर डग्लस घराण्याची गढी होती. १५६७ च्या जून महिन्यांत बंडखोर सरदारांनीं २४ वर्षांच्या मेरीला तेथें कोंडलें, आणि २४ जुलै रोजीं तिच्याकडून राज्यत्यागाच्या कागदावर सही घेतली. गादीवर तिचा १३ महिन्यांचा मुलगा आला. १५६८ च्या मार्चमध्यें धोबिणीच्या वेषांत ती नांवेंत बसलीही. पण तिचे गोरे, नाजूक हात पाहून नावाड्यानें तिला ओळखलें व परत नेलें.

पुढें २ मे १५६८ रोजीं गढीचा धनी सर विल्यम डग्लस रात्रीच्या जेवणास बसला असतां विली डग्लस नांवाच्या पोरक्या मुलानें त्याच्या पुढ्यांतील किल्लीवर रुमाल टाकून ती अलगद उचलली. दासीच्या वेषांतील राणीला त्यानें दरवाजाबाहेर काढलें, बाहेरून कुलूप लावलें आणि नांव वल्हवीत पैलतीर गांठला. ज्यांनीं राणीला कोंडलें होतें, तेच आंत कोंडले गेले!

मग त्या किल्लीचें काय झालें? येथेंच मतभेद आहे. एक वृत्तांत सांगतो कीं, विलीनें ती पाण्यांत टाकली. दुसरा म्हणतो, जवळच्या तोफेच्या तोंडांत टाकली. दुसरा खरा असेल, तर सरोवरांतून निघालेली एकही किल्ली राणीची नव्हे. १८०५ मध्यें सरोवराच्या कांठीं एका मुलाला किल्ल्यांचा जुडगा सापडला, तो मॉर्टनच्या अर्लकडे गेला. सर विल्यम स्वतःच पुढें मॉर्टनचा अर्ल झाला होता, त्यामुळें ती भेट योग्य घरीं पोंचली असें लोकांना वाटणें साहजिक होतें. नंतर १८२० मध्यें सर वॉल्टर स्कॉट यांची ‘द अ‍ॅबट’ ही कादंबरी निघाली, आणि सुटकेची ही कथा घरोघर पोंचली. कथा पसरली म्हणजे तिच्या खुणा शोधणारे डोळेही वाढतात.

लोखंडाला विचारून हा वाद मिटेल काय? जाणकार घडणीवरून किल्लीच्या काळाचा अदमास करूं शकतात. परंतु ती सोळाव्या शतकांतली ठरली, तरी कोणत्या हातानें, कोणत्या रात्रीं ती पाण्यांत टाकली, हें धातूवर लिहिलेलें नसतें. त्या गढींत शेंकडों वर्षें माणसें राहिलीं. त्यांच्याही किल्ल्या हरवल्या असतील.

आपल्याकडेही जुन्या वाड्यांत तलवारी दाखवून मोठमोठीं नांवें सांगतात. ऐकणाऱ्यानें त्यांचा उपहास करूं नये. पण सांगणाऱ्यानेंही ‘असें म्हणतात’ हे दोन शब्द गाळूं नयेत. ते गाळले कीं श्रद्धेची वस्तु पुराव्याच्या जागीं जाऊन बसते, आणि खऱ्या पुराव्याचीही पत जाते.

राणीची मुक्तता फार काळ टिकली नाहीं. १३ मे रोजीं लँगसाइडच्या लढाईंत तिचा पराभव झाला, १६ मे रोजीं ती आश्रयासाठीं इंग्लंडांत गेली, आणि सुमारें १९ वर्षें कैदेंत काढून ८ फेब्रुवारी १५८७ रोजीं तिचा शिरच्छेद झाला. विली मात्र तिच्यामागोमाग परमुलखांत गेला. किल्ली कोणती, याविषयीं शंका राहील. त्या पोरक्या मुलाच्या इमानाविषयीं ती नाहीं. संग्रहालयांतील मुक्या लोखंडापुढें उभें राहून आठवावें, तें हेंच.