पेटीचे झाकण

वैयक्तिक संगणकाचा इतिहास सांगताना यंत्राच्या वेगाचेच कौतुक बहुधा होते. आम्हांला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो एक साधा प्रश्न : पेटीचे झाकण उघडण्याचा अधिकार कोणाचा?

१९७७ साली ‘ॲपल टू’ सिद्ध होत असतानाच हा वाद घरात उपस्थित झाला होता. जोडकार्डांसाठी दोन खाचा पुरेत, असे स्टीव्ह जॉब्ज म्हणत. स्टीव्ह वॉझ्निअक यांनी आठांचा हट्ट धरला व तो तडीस नेला. १९८४ मध्ये मात्र जॉब्ज यांच्या मनासारखा मॅकिंटॉश आला. त्यात एकही खाच नव्हती, आणि पेटी उघडण्यास लांब दांड्याचा खास पेचकस लागे.

दरम्यान १९८१ च्या ऑगस्टात आयबीएमने बाजारात तयार मिळणारे भाग जुळवून आपला पीसी उभा केला होता. त्याच्या विद्युत्-आकृत्या आणि ‘बायोस’ या मूळ आज्ञावलीचा पाठही कंपनीने छापून विकला. पुष्कळांना हे औदार्य वाटते. वकिलाच्या नजरेस त्यात मेख दिसते. पाठावर स्वामित्वहक्क आयबीएमचाच होता. ज्याने तो वाचला, त्याने पुढे स्वतः लिहिलेली आज्ञावलीही नकलेच्या संशयास पात्र ठरली. चिपमध्ये साठविलेल्या आज्ञावलीसही लेखनस्वामित्वाचे संरक्षण आहे, असा निर्णय अमेरिकेच्या अपील न्यायालयाने १९८३ मध्ये ॲपल विरुद्ध फ्रँकलिन या खटल्यात दिला, आणि संशयाला धार आली. कॉम्पॅकने तत्पूर्वीच तोड काढली होती : आयबीएमचा पाठ न पाहिलेल्या मंडळींकडून, केवळ अपेक्षित वर्तनाच्या वर्णनावरून, नवी बायोस लिहवून घ्यावयाची. १९८४ मध्ये फीनिक्सने अशीच बायोस इतर कंपन्यांना विकावयास काढली आणि बांध फुटला. १९८७ साली आयबीएमने परवान्याच्या अटींसह ‘मायक्रो चॅनेल’ आणून तो बांधू पाहिला. पुढच्याच वर्षी नऊ कंपन्यांनी आपले निराळे प्रमाण जाहीर केले.

या खाचांचे ऋण आपल्या लिपीवरही आहे. आयआयटी कानपूरमध्ये उगम पावलेले व पुण्याच्या सी-डॅकने प्रसारात आणलेले ‘जिस्ट’ कार्ड अशाच खाचेत बसे आणि पडद्यावर देवनागरी उमटे. आयबीएमची त्यासाठी परवानगी मागावी लागली नाही.

मग ग्राहकाला काय हवे होते? मॅकिंटॉशवर तो लुब्ध झाला, हे खरेच. १९८५ नंतर छपाईच्या धंद्याने तर त्याला डोक्यावर घेतले. परंतु १९८७ च्या ‘मॅकिंटॉश टू’मध्ये ॲपललाच सहा खाचा द्याव्या लागल्या! पीसी घेणाऱ्यांपैकीही स्वतः झाकण उघडणारे थोडेच. देवस्थानाच्या हिशेबवह्या प्रत्येक महाजन कोठे चाळतो? पण त्या चाळता येतात, या भरवशावरच तो निश्चिंत असतो. ग्राहकालाही, आमच्या मते, एवढेच हवे होते : आपण नाही तरी गावच्या दुरुस्तीवाल्याला पेटी उघडता यावी.

१९९५ पासून ॲपलने इतर कंपन्यांना मॅकिंटॉशसारखी यंत्रे करण्याचे परवाने दिले. १९९७ मध्ये जॉब्ज कंपनीत परतले आणि तो व्यवहार आटोपता घेण्यात आला.