सोळावा प्रश्न



मी पेशाने आयटी सल्लागार. मनाचे आजार हा माझा प्रांत नाही. पण चार वर्षांपूर्वी नोकरी गेली, झोप उडाली आणि बायकोच्या आग्रहाखातर मी एका समुपदेशक बाईंकडे गेलो. आई-बाबा आमच्याकडेच राहतात हे ऐकताच त्या म्हणाल्या, "मग ताणाचं मूळ तिथेच आहे." मी गेलो होतो नोकरीबद्दल बोलायला, उरलेला वेळ आई-बाबांची बाजू मांडण्यात गेला. पुन्हा गेलो नाही. घरी सांगितलं, वेळ जमत नाही.

बाई आपुलकीनेच बोलत होत्या, म्हणूनच नेमकं काय खटकलं ते सांगता येईना. अशा खटकण्याला नाव आहे, आणि ते एका मनोविकारतज्ज्ञानेच दिलं आहे, हे मला नंतर कळलं. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

डॉ. चेस्टर पिअर्स हे हार्वर्डमधले कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. पुढच्याच वर्षी, मे १९६९ मध्ये, अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचे विश्वस्त मायामीच्या अधिवेशनात सकाळचा नाश्ता करत असताना कृष्णवर्णीय डॉक्टर तिथे जाऊन उभे राहिले. आपल्या व्यवसायातला वर्णभेद आधी दूर करा, ही त्यांची मागणी. त्यांनी जी संघटना काढली, तिचे पहिले अध्यक्ष पिअर्स. १९७० मध्ये त्यांनी एका निबंधात 'मायक्रोॲग्रेशन' हा शब्द वापरला. त्यांचं म्हणणं असं, की उघड शिवीगाळ सगळ्यांना दिसते. पण रोजचे बारीक ओरखडे कुणाच्या लक्षात येत नाहीत. एकेक ओरखडा क्षुल्लक, सगळे मिळून मात्र माणूस खचतो.

आपल्याकडे टोमणा असतो, पण हा तसा नाही. टोमणा मारणाऱ्याला आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक असतं. इथे बहुतेक वेळा बोलणाऱ्याला पत्ताच नसतो.

२००७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातले चिनी वंशाचे मानसशास्त्रज्ञ डेराल्ड विंग सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच विषय थेट समुपदेशकाच्या खोलीत नेला. त्यांच्या लेखातली उदाहरणं आपल्या ओळखीची वाटतील. आशियाई माणूस नजरेला नजर देत नाही, की लगेच त्याला सामाजिक भीतीचा आजार ठरवायचं. कुणी वर्णभेदाचा अनुभव सांगू लागला, की विचारायचं, "तुमची अडचण खरंच त्यामुळे आहे का?" मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं हे आपल्या घरात संस्कार म्हणून शिकवतात. तिकडे कागदावर त्याचंच लक्षण होतं!

या कल्पनेवर टीकाही झाली. २०१७ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्कॉट लिलिएनफेल्ड यांनी लिहिलं, की व्याख्या फार सैल आहे आणि पुरावा अपुरा. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं, की प्रत्येक चुकीच्या शब्दामागे वैर शोधू नये. पण गप्प बसून उपचारही सोडू नयेत. मी तेच केलं, आणि त्यात नुकसान माझंच झालं. पुढचे आठ महिने मी रात्री छताकडे बघत काढले.

२०१३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत १६ प्रश्नांची एक मुलाखत आली. तुमच्या त्रासाला तुम्ही काय म्हणता? तुमच्या घरच्यांना त्याचं कारण काय वाटतं? असे साधे प्रश्न. सोळावा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पार्श्वभूमी वेगळी असल्याने डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात गैरसमज होऊ शकतो. तुम्हाला तशी काळजी वाटते का? म्हणजे हा विषय काढायची सोय आता खुद्द डॉक्टरांच्याच पुस्तकात आहे. डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्ही काढा. आरडाओरडा नको. "आई-वडील सोबत असणं हा आमचा आधार आहे. मला नोकरीबद्दल बोलायचंय." एवढं पुरतं. समोरच्याने ऐकलं तर उत्तम. नाहीच ऐकलं तर डॉक्टर बदला, उपचार थांबवू नका.

आणि मंडळी, थोडं आपल्याकडेही बघू. "याला ठाण्याला पाठवा", "येरवड्यात जागा आहे का बघा", असं हसत हसत किती वेळा म्हटलंय आपण? उपचारांना जाणाऱ्याला पहिला ओरखडा बहुधा घरातच बसतो. माझी मुलगी आता कॉलेजात आहे. उद्या तिला मदत घ्यावीशी वाटली, तर तिने माझ्यासारखं "वेळ जमत नाही" म्हणू नये. म्हणून मी माझी गोष्ट आधी तिला सांगितली आणि मग तुम्हाला.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा पहिल्याच भेटीत मी ते वाक्य बोललो. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंत."

पुढच्या कार्यक्रमात पुन्हा भेटूच. काळजी घ्या.