द लॉर्ड ऑफ द रिंग्ज चित्रपटमालेच्या विस्तारित आवृत्त्या

द लॉर्ड ऑफ द रिंग्ज या चित्रपटत्रयीच्या विस्तारित आवृत्त्या म्हणजे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी घरगुती प्रेक्षकांसाठी नव्याने संकलित केलेली, मूळ चित्रपटांपेक्षा अधिक लांबीची रूपे होत. जे.आर.आर. टॉल्कीन यांच्या कादंबरीवर आधारित हे तीन चित्रपट न्यू लाइन सिनेमा या संस्थेने २००१, २००२ आणि २००३ सालच्या डिसेंबर महिन्यांत चित्रपटगृहांत प्रदर्शित केले. त्यांच्या विस्तारित आवृत्त्या २००२ ते २००४ या काळात डीव्हीडी स्वरूपात प्रकाशित झाल्या. तिन्ही चित्रपटांत मिळून सुमारे दोन तासांची भर या आवृत्त्यांत आहे.

पार्श्वभूमी

तिन्ही चित्रपटांचे मुख्य चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये सलगपणे झाले. त्यामुळे चित्रपटगृहातील खेळाच्या मर्यादेत बसणार नाहीत इतकी दृश्ये निर्मात्यांच्या हाती होती. प्रत्येक चित्रपट तीन तासांच्या आसपास ठेवण्यासाठी त्यांतील अनेक दृश्ये वगळावी लागली. अशी दृश्ये डीव्हीडीवर जोडसाहित्य म्हणून सुटी देण्याची पद्धत त्या काळी रूढ होती. जॅक्सन यांनी मात्र ती कथेच्या ओघात गुंफून चित्रपटाचे पुन्हा संकलन केले.

हे काम केवळ जोडणीचे नव्हते. नव्या दृश्यांतील दृश्यपरिणाम पूर्ण करावे लागले, ध्वनिमिश्रण पुन्हा करावे लागले, तर संगीतकार हॉवर्ड शोर यांनी वाढीव भागांसाठी संगीत रचले. द रिटर्न ऑफ द किंग या चित्रपटाला फेब्रुवारी २००४ मध्ये ११ ऑस्कर पुरस्कार मिळाल्यानंतरही जॅक्सन यांनी त्याच्या विस्तारित आवृत्तीसाठी कवट्यांच्या कोसळत्या ढिगाऱ्याचे काही चित्रीकरण केले.

लांबी आणि प्रकाशन

पुढील आकडे चाहत्यांच्या नामावलीचा वेळ वगळून दिलेले आहेत.

* द फेलोशिप ऑफ द रिंग: मूळ लांबी १७८ मिनिटे, विस्तारित सुमारे २०८ मिनिटे, अमेरिकेत प्रकाशन १२ नोव्हेंबर २००२.
* द टू टॉवर्स: मूळ लांबी १७९ मिनिटे, विस्तारित सुमारे २२३ मिनिटे, प्रकाशन १८ नोव्हेंबर २००३.
* द रिटर्न ऑफ द किंग: मूळ लांबी २०१ मिनिटे, विस्तारित सुमारे २५१ मिनिटे, प्रकाशन १४ डिसेंबर २००४.

विस्तारित आवृत्त्यांच्या शेवटी अधिकृत चाहतामंडळाच्या सदस्यांची नावे दिलेली असल्याने वेष्टनावरील लांबी याहून अधिक आढळते. पहिल्या चित्रपटात ही नामावली सुमारे २० मिनिटे चालते.

पहिल्या दोन चित्रपटांच्या विस्तारित आवृत्त्या तिसऱ्या चित्रपटाच्या आगमनाच्या निमित्ताने निवडक चित्रपटगृहांतही दाखवण्यात आल्या. १६ डिसेंबर २००३ रोजी अमेरिकेत या दोन आवृत्त्या आणि नवा चित्रपट असे तिन्ही भाग एकाच दिवशी सलग दाखवण्यात आले.

वाढीव दृश्ये

पहिल्या चित्रपटात शायर प्रदेशातील हॉबिट लोकांच्या जीवनाची ओळख करून देणारा भाग वाढवला आहे. लोथलोरिएनचा निरोप घेताना गॅलाड्रिएल प्रवाशांना भेटी देते, तो प्रसंगही येथे सविस्तर येतो. मूळ चित्रपटात फ्रोडोला मिळणाऱ्या कुपीवरच भर आहे. विस्तारित आवृत्तीत सॅमला दोर मिळतो आणि गिमलीला गॅलाड्रिएलचे तीन केस मिळतात. हाच दोर दुसऱ्या चित्रपटाच्या विस्तारित आवृत्तीत आरंभीच उपयोगी पडतो.

दुसऱ्या चित्रपटातील महत्त्वाची भर म्हणजे बोरोमिर, फॅरामिर आणि त्यांचे वडील डेनेथॉर यांचा ऑसगिलिअथमधील पूर्वप्रसंग. थोरल्या मुलावरील पित्याचे प्रेम आणि धाकट्याविषयीची उपेक्षा त्यात दिसते. मूळ चित्रपटातील फॅरामिर पुस्तकातील उदात्त व्यक्तिरेखेपेक्षा वेगळा वाटतो, अशी टीका वाचकांनी केली होती. या प्रसंगामुळे अंगठी वडिलांकडे नेण्याच्या त्याच्या इच्छेमागील कारण स्पष्ट होते. ॲरागॉर्नचे वय ८७ वर्षे असल्याचा उलगडाही याच आवृत्तीत होतो.

तिसऱ्या चित्रपटात सारुमानचा मृत्यू, फॅरामिर आणि एओविन यांची शुश्रूषागृहातील भेट, गँडाल्फ आणि विच-किंग यांचा सामना, तसेच काळ्या दरवाजापाशी येणारा सॉरॉनचा दूत हे भाग समाविष्ट आहेत. यांपैकी काही प्रसंगांवर आक्षेपही घेतले गेले. विच-किंग गँडाल्फची काठी मोडतो आणि ॲरागॉर्न वाटाघाटीस आलेल्या दूताचा शिरच्छेद करतो, या दोन्ही गोष्टी पुस्तकात नाहीत.

सारुमानचे दृश्य

सारुमानच्या शेवटाचे दृश्य प्रथम द टू टॉवर्स या चित्रपटाच्या अखेरीसाठी योजले होते. हेल्म्स डीपच्या लढाईनंतर ते लांबण लावणारे वाटल्याने तिसऱ्या चित्रपटाच्या आरंभी हलवण्यात आले आणि शेवटी तेथूनही वगळले गेले. परिणामी पहिल्या दोन भागांतील एक प्रमुख खलनायक तिसऱ्या भागात पडद्यावर येतच नाही. ही भूमिका करणारे ज्येष्ठ अभिनेते क्रिस्टोफर ली यांनी याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती. विस्तारित आवृत्तीत हे दृश्य परत आल्याने व्यक्तिरेखेचा शेवट प्रेक्षकांपुढे आला. पुस्तकात सारुमान शायरमध्ये मारला जातो. चित्रपटात त्याचा अंत आयसेनगार्ड येथील मनोऱ्यावर होतो.

जोडसाहित्य

प्रत्येक संच चार तबकड्यांचा होता. दोन तबकड्यांवर चित्रपट, तर उरलेल्या दोनांवर निर्मितीविषयीचे माहितीपट होते. टॉल्कीन यांच्या कादंबरीच्या शेवटी परिशिष्टे आहेत. त्यांवरून या भागांनाही परिशिष्टे असेच नाव देण्यात आले. पटकथा, प्रतिकृती, चिलखते, भाषा, संगीत आणि संगणकीय दृश्यपरिणाम अशा अंगांची त्यांत तपशीलवार माहिती आहे. शिवाय दिग्दर्शक व लेखक, कलारचनाकार, निर्मितीचमू आणि कलाकार अशा चार गटांची स्वतंत्र भाष्ये ऐकण्याची सोय होती. चित्रपटनिर्मिती शिकणाऱ्यांसाठी हे साहित्य उपयुक्त मानले जाते.

नंतरची प्रकाशने

विस्तारित आवृत्त्यांचा १५ तबकड्यांचा ब्लू-रे संच अमेरिकेत २८ जून २०११ रोजी आला. त्यातील पहिल्या चित्रपटाच्या रंगसंगतीत हिरवट छटा असल्याची तक्रार अनेक प्रेक्षकांनी केली. २०२० च्या अखेरीस तिन्ही चित्रपटांच्या मूळ आणि विस्तारित अशा दोन्ही आवृत्त्या फोर-के स्वरूपात प्रकाशित झाल्या. त्यासाठी रंगसंस्करण नव्याने करण्यात आले. शोर यांचे संपूर्ण संगीत २००५ ते २००७ या काळात तीन संचांत प्रकाशित झाले; ते विस्तारित आवृत्त्यांतील संगीतावर आधारलेले आहे.

कोणती आवृत्ती प्रमाण?

या आवृत्त्यांना अनेकदा ‘दिग्दर्शकाची आवृत्ती’ म्हटले जाते. ही संज्ञा सहसा निर्मितीसंस्थेच्या दबावामुळे बदललेला चित्रपट दिग्दर्शकाने आपल्या मनाप्रमाणे परत घडवला, अशा अर्थाने वापरतात. जॅक्सन यांनी मात्र चित्रपटगृहांतील आवृत्त्याच प्रमाण असल्याचे आणि विस्तारित आवृत्त्या चाहत्यांसाठीची भर असल्याचे म्हटले आहे. ऑस्कर पुरस्कारही चित्रपटगृहांतील आवृत्त्यांनाच मिळाले. तरीही कादंबरीच्या अनेक वाचकांना व्यक्तिरेखांना अधिक अवकाश देणारी दीर्घ रूपे जवळची वाटतात, तर इतरांना मूळ संकलनाची गती अधिक परिणामकारक वाटते. पुढे द हॉबिट या चित्रपटत्रयीच्याही विस्तारित आवृत्त्या २०१३ ते २०१५ या काळात प्रकाशित करण्यात आल्या.